वाइनमधली वात

छापखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. समोर 'साहेब' आणि पाठ वळली की 'ऱ्हस्वदीर्घ'. एकतीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची नजर अशी झाली होती की रस्त्यावरच्या पाट्या त्यांना सुखाने चालू देत नसत. एकदा अंगात ताप असताना ते दवाखान्यात गेले, तर दारावर 'रूग्णांनी रांगेत बसावे' असं लिहिलेलं. डॉक्टरांना 'रु' ऱ्हस्व करायला लावून मगच त्यांनी जीभ बाहेर काढली. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय.

असा माणूस स्वतः चुकत नसे. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. साखरेऐवजी चहात मीठ पडलं, तर दोन्ही डबे सारखे दिसत असत. गाडी चुकली, तर वेळापत्रक छापणाऱ्याने घोळ घातलेला असे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात 'माझं चुकलं' हे दोन शब्द बायकोने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ती बिचारी प्रत्येक वेळी म्हणायची, "असू दे."

आता गंमत अशी की 'असू दे' ही ऱ्हस्वदीर्घांच्या धंद्यातली एक खूण आहे. तपासणाऱ्याने एखादा शब्द खोडला, आणि मागाहून त्याच्या लक्षात आलं की अरेच्चा, शब्द तर बरोबर होता, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू दे'. म्हणजे आधीचंच ठेवा, मी चुकलो. ऱ्हस्वदीर्घांनी ही खूण एकतीस वर्षांत एकदाही वापरली नव्हती. ती वापरण्यापेक्षा नाक कापून घेतलेलं बरं, असं ते नव्या पोरांना सांगत.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जुळाऱ्याने विषय काढला. जुळारी म्हणजे पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि आता संगणकावर पानं लावतो तो. ऱ्हस्वदीर्घांच्या लाल शाईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच.

"साहेब, निवृत्तीनंतर काय करणार? लोकांच्या चुका काढण्यापलीकडे तुम्हाला दुसरं काही येतं का?"

सगळे हसले. ऱ्हस्वदीर्घांना ते लागलं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी 'घरच्या घरी वाइन' अशी एका संचाची जाहिरात तपासली होती, ती नेमकी डोळ्यांपुढे होती. मान ताठ करून ते म्हणाले, "वाइन करणार. निरोपाचं जेवण माझ्या घरी. सगळ्यांनी यायचं. माझ्या हातची वाइन प्यायची. आणि एक चूक काढून दाखवायची."

बोलून गेले खरे. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं काम थांबवलं. ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. काचेची भांडी, नळ्या, बुडबुडे यांच्यातच तिची निम्मी हयात गेलेली. ती म्हणाली, "बरं झालं. मी मदत करते."

"नको. हे माझ्यावर सोड. सगळं लिहून दिलेलं असतं. ज्याला वाचता येतं त्याला वाइन करता येते."

"असू दे," ती म्हणाली.

खोकं आलं. त्यात मोठी काचेची बरणी, द्राक्षाच्या रसाचा डबा, यीस्टची पुडी, रसात तरंगणारं एक मापक, नळी, बुचं आणि इंग्रजीवरून मराठीत आणलेलं चौदा पायऱ्यांचं माहितीपत्रक. दुसरा कुणी असता तर बरणी धुवायला घेतली असती. ऱ्हस्वदीर्घांनी लाल पेन घेतलं. एका बैठकीत बावीस चुका निघाल्या. 'निर्जंतूक' होतं ते 'निर्जंतुक' केलं, 'आंबवण' होतं तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. पायरी नऊवर मात्र ते खाटकन थांबले. तिथे छापलं होतं :

'बाटल्या भरण्यापूर्वी वाइनमधला वात पूर्णपणे काढून टाकावा; अन्यथा बाटली फुटण्याचा संभव आहे.'

"वात पुल्लिंगी?" ते एकटेच ओरडले. "अरे, वात म्हणजे काय बैल आहे?" कंदिलातली वात, स्टोव्हची वात, जन्मभर सगळ्यांची वात ती वातच. त्यांनी 'मधला'वर काट मारून 'मधली' केलं, 'टाकावा'चं 'टाकावी' केलं आणि समासात दोनदा रेघ ओढली. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं असतं तर बघायला नको होतं. त्यांनी तपासलेल्या पत्रकाची प्रत काढली, सोबत दीड पानाचं पत्र जोडलं ('आपल्यासारख्या कंपनीला साधं लिंगज्ञान असू नये हे खेदजनक आहे') आणि रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला पाठवून दिलं.

पहिल्या आठ पायऱ्या दृष्ट लागण्यासारख्या झाल्या. त्यांनी बरणी इतकी निर्जंतुक केली की बायकोलासुद्धा नाव ठेवायला जागा राहिली नाही. मागच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बरणी मांडली. तिच्या वरच्या भिंतीवर छापखान्याने दिलेलं 'तीस वर्षे निर्दोष सेवा' असं मानपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. रस आंबू लागला, बुडबुड बुडबुड करू लागला. दर संध्याकाळी ऱ्हस्वदीर्घ मापक टाकून आकडा वहीत लिहीत. पाच आठवड्यांनी आकडा खाली येऊन एका जागी बसला, सलग तीन दिवस हलला नाही. म्हणजे आंबणं संपलं. पायरी आठवर बरोबरची खूण झाली.

आता नववी. वात काढून टाकावी. पण काढायला वात हवी ना! ऱ्हस्वदीर्घांनी बरणीत बॅटरी मारून पाहिलं. खोकं उलटं केलं, पुठ्ठ्याच्या घड्या उकलून पाहिल्या. वात नव्हती. पत्रकात नववी पायरी स्वच्छ होती, त्यांनी ती स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती, त्यामुळे दोष संचाचा होता हे उघड झालं.

त्यांनी छापखान्यातून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी अत्यंत गोड आवाजात बोलली.

"सर, आपली तक्रार वात तुटल्याबद्दल आहे की वात चढत नसल्याबद्दल?"

"वात आलीच नाही."

"माफ करा सर. नवीन वात मागवण्यासाठी जुनी वात परत करावी लागते."

"अहो, आली नाही ती परत कशी करू?"

"मग आपल्याला वात न मिळाल्याचा दाखला जोडावा लागेल, सर."

"तो कोण देतं?"

"ज्यांच्याकडून मिळाली नाही ते, सर."

"म्हणजे तुम्हीच!"

"हो सर. त्यासाठी आमच्याकडे अर्ज करावा लागतो."

ऱ्हस्वदीर्घांनी अर्ज केला. दाखला आला, त्यात 'वात न मिळालाचा' असं होतं, तो दुरुस्त करून परत पाठवला. दुसरा आला. असं करता करता बारा दिवस गेले आणि एका सकाळी पार्सल आलं. आत सुबक गुंडाळलेली, बोटाएवढी जाड सुती वात. ही कंपनी स्टोव्ह आणि कंदीलही विकते, ही माहिती खोक्याच्या तळाशी बारीक टायपात छापलेली होती. त्या टायपात एकही चूक नसल्यामुळे ऱ्हस्वदीर्घांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

वरच्या मजल्यावरचा वायरमन तेव्हा जिन्यातच भेटला. वीजखात्यातून निवृत्त झालेला माणूस. सल्ला देण्यासाठीच जगत होता.

"बरोबरच आहे की," वायरमन वात चिमटीत धरून म्हणाला. "वात काय करते? ओढते. तेल ओढते तशी ही वाइनमधली घाण ओढणार. आणि घाण पिऊन ही फुगणार. म्हणून तर काढून टाकायची. नाहीतर बाटली फुटेल नाहीतर काय होईल?"

शास्त्राचा असा आधार मिळाल्यावर शंकेला जागा उरली नाही. ऱ्हस्वदीर्घांनी वात वीस मिनिटं उकळली, दोऱ्याला बांधली आणि बरणीत सोडली. बायकोने जाताजाता पाहिलं.

"हे काय लोंबतंय?"

"पायरी नऊ."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ऱ्हस्वदीर्घांनी हात वर केला. "माझ्यावर सोड म्हटलं ना."

"असू दे," म्हणून ती भाजी चिरायला गेली.

चोवीस तासांनी त्यांनी चिमट्याने वात वर ओढली. जांभळी झाली होती. केवढी प्यायली होती! त्यांनी समाधानाने ती फेकून दिली, पत्रकावर बरोबरची खूण केली आणि अकरा बाटल्या भरून बुचं ठोकून मानपत्राखाली ओळीने उभ्या केल्या. लेबलंही स्वतःच लिहिली. अकराच्या अकरा लेबलांवर 'वाइन'मधला 'इ' ऱ्हस्व होता.

जेवणाच्या आधीच्या शनिवारी सकाळी बायको कॉलेजात गेली होती. ऱ्हस्वदीर्घ साठलेली रजा संपवत घरी होते. उन्हं चढली, मागच्या खोलीची खिडकी तापली. ते पेपरमधल्या चुका काढत बसले असताना आतून 'फट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ काच पडल्याचा.

ते धावत गेले. पहिल्या बाटलीचं बूच सरळ मानपत्रावर बसलं होतं. काच तडकून खाली आली होती आणि वाइनचा एक ओघळ 'निर्दोष'वरून उतरत होता. ते वाकून काच उचलणार, तेवढ्यात दुसरं 'फट्' झालं. हे बूच उघड्या खिडकीतून बाहेर गेलं. खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी गॅलरीत चहा घेत बसत. खालून कप फुटल्याचा आवाज आला आणि दहा मिनिटांत दाराखालून नोटीस सरकली :

'आपल्या घरातुन स्पोटक पदार्थ बाहेर येत असल्याने तात्काळ खुलासा करावा.'

अशा प्रसंगी माणसाने हात जोडावेत, माफी मागावी, नवा कप आणून द्यावा. ऱ्हस्वदीर्घांनी 'घरातून', 'स्फोटक' आणि 'तत्काळ' अशा तीन दुरुस्त्या केल्या आणि नोटीस खाली नेऊन दिली. सेक्रेटरींनी दुरुस्त्या वाचल्या. चेहऱ्यावर अजून चहा होता.

"खुलासा कुठंय?" ते म्हणाले.

"वात काढली होती," ऱ्हस्वदीर्घ म्हणाले. एवढाच खुलासा त्यांच्याजवळ होता.

वर येईपर्यंत वायरमन दारात हजर होता. त्याने बाटल्यांना कान लावला, एकीचं बूच फडक्याखाली धरून हळूच सोडवलं. 'फट्.'

"वात नाही हो, गॅस आहे हा! आत गॅस कोंडलाय. आधी वात कुणी सांगितली होती तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणालात, ओढते म्हणून."

"मी वातीबद्दल म्हणालो. वाइनबद्दल मला काय माहीत? आता हा गॅस बाहेर काढायचा. माझ्याकडे ड्रिल आहे. रंग ढवळायचं पातं लावतो. दोन मिनिटांचं काम."

ऱ्हस्वदीर्घांच्या मनात आलं, बायको एक वाजता येईल, तिला विचारावं. पण तिला विचारायचं म्हणजे फुटलेलं मानपत्र आधी दाखवायचं. त्यापेक्षा दोन मिनिटांत काम उरकून काच झाडून टाकलेली बरी. त्यांनी उरलेल्या बाटल्या फडक्याखाली धरून उघडल्या, बरणीत रिकाम्या केल्या. ती जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. वायरमनने पातं आत घातलं, बटण दाबलं, आणि ड्रिल पहिल्यापासूनच पूर्ण वेगात होतं.

पुढचं सांगताना वायरमन अजूनही हातवारे करतो. आधी बरणीच्या तोंडाशी गुलाबी फेसाची एक टोपी आली, शहाण्यासारखी. मग ती टोपी उठून उभी राहिली. मग बरणीने एकदम सगळं सोडून दिलं. फेस छताला लागला, भिंतीला लागला, मानपत्रातला 'निर्दोष' हा शब्द त्याने पार झाकून टाकला, आणि त्याच क्षणी सेक्रेटरी उरलेला खुलासा मागायला दारात आले ते कपाळापासून गुडघ्यापर्यंत गुलाबी झाले.

"वायर ओली झालीय, कुणी हात लावू नका!" वायरमन ओरडला आणि बोर्डाकडे धावून त्याने बटण बंद केलं. या सगळ्या प्रकरणात केलेलं तेवढंच काम त्याला येत होतं आणि ते त्याने चोख केलं.

सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले, "याला पंपाने ओढायला पाहिजे होतं. माझ्याकडे पंप आहे. आणू का?"

"खबरदार!" दारातून आवाज आला.

बायको आली होती. तिने चप्पल काढली नाही, कारण जमिनीवर काच होती. सगळ्यांच्या तोंडाकडे एकवार पाहून ती सेक्रेटरींना म्हणाली, "असल्या बरणीतली हवा ओढली तर बरणी आतल्या आत फुटते. आमच्या लॅबमध्ये फुटलेली आहे, काचा अजून सापडतात. तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा. आणि तुम्ही," वायरमनला, "ते ड्रिल घेऊन वर जा."

दोघे गेले. ऱ्हस्वदीर्घ झाडू घेऊन उभे होते, पण झाडत नव्हते. बायकोने टेबलावरचं ओलं माहितीपत्रक उचललं आणि पायरी नऊ वाचली. मग पुन्हा वाचली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होऊ लागलं.

"हे 'मधली' तुम्ही केलंत?"

"अर्थात. चूक होती."

"काय होतं आधी?"

"'मधला वात'. पुल्लिंगी. हास्यास्पद."

ती खुर्चीवर बसली. "अहो, वात. तो वात. वायू! शरीरात असतो तो. दिव्यात असते ती वात वेगळी. आंबलेल्या रसात गॅस विरघळून राहतो, तो काढा असं सांगितलंय त्या माणसाने. जुना शब्द वापरलाय, पण बरोबर वापरलाय." तिला हसू आवरेना. "तो वात. अठ्ठावीस वर्षं तुम्ही मला जो आणलाय तो!"

ऱ्हस्वदीर्घांनी कोशाचं कपाट उघडलं. 'वात' काढला. पहिला अर्थ, पुल्लिंगी, वारा, वायू. दुसरा अर्थ, स्त्रीलिंगी, दिव्यातली. दोन्ही एकाखाली एक उभे होते आणि गेली तीस वर्षं तिथेच उभे असणार. त्यांनी कोश मिटला. कोणत्याही मुद्रितात त्यांनी याहून मोठी चूक पाहिली नव्हती, आणि ती छापखान्याने केलेली नव्हती. ती लाल शाईत होती.

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा तोंड उघडलं," बायको म्हणाली. "असू दे. किती उरलीय?"

सहा बाटल्यांपुरती उरली होती. तिने ती दोन भांड्यांत निम्मी निम्मी ओतली. "फेसाला वर यायला जागा पाहिजे. खोली थंड नको, गार रसातून गॅस निघत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, हा गॅस खोलीत साठलेला बरा नाही. आणि उकळलेला लांब चमचा घ्या, हळू ढवळा. वरून फेस नाही आणायचा, आत हवा नाही कोंबायची. आज पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, उद्या पुन्हा. आणि बूच लावायचं नाही, नुसतं झाकायचं."

"किती दिवस?"

"तो जाईपर्यंत." तिने एका काचेच्या ग्लासात निम्मी वाइन घेतली, तोंडावर तळहात दाबून ग्लास हलवला आणि हात उचलला. 'फट्.' "ऐकलंत? हा आवाज येतोय तोवर बाटलीत भरायची नाही."

रविवार, सोमवार, मंगळवार ऱ्हस्वदीर्घ ढवळत राहिले. वेगाने काही करायचं नाही आणि लाल पेनाचा उपयोग नाही, असं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. मंगळवारी संध्याकाळी तळहाताखालचा 'फट्' 'फुस्'वर आला. ते खूश झाले. ड्रिलची गोष्ट वायरमन जिन्यात सगळ्यांना सांगत असला तरी छापखान्यापर्यंत पोचली नव्हती. 'मधला'चं 'मधली' कुणी केलं ते बायकोशिवाय कुणालाच कळलेलं नव्हतं. शनिवारी बाटल्या टेबलावर उभ्या राहिल्या की झालं.

बुधवारी कंपनीचं पत्र आलं.

'महोदय, आपण पाठवलेल्या दुरुस्त्यांबद्दल आभारी आहोत. पायरी नऊमधील गंभीर लिंगदोष आमच्या लक्षात आणून दिल्याबद्दल विशेष आभार. पुढील आवृत्तीत "वाइनमधली वात" असा शुद्ध पाठ छापण्यात येत असून पाच हजार प्रती शुक्रवारी छपाईस जातील. प्रत्येक संचात एक सुती वात मोफत समाविष्ट करण्याचाही निर्णय घेण्यात आला आहे.'

ऱ्हस्वदीर्घांनी पत्र तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, आणि ते वाचवत नव्हतं. पाच हजार घरं. पाच हजार बरण्यांत लोंबणाऱ्या पाच हजार वाती. बुचं, काचा, कुणाचा डोळा. त्यांच्यासारखीच शहाणी माणसं ती वात उकळतील, चोवीस तास ठेवतील, बरोबरची खूण करतील. आणि ज्यांच्या घरी असली बायको नसेल, त्यांचं काय होईल?

त्यांच्या मनात सोपे मार्ग आले नाहीत असं नाही. निनावी पत्र लिहावं. 'एक हितचिंतक' म्हणून कळवावं. अनुवादकाला नवा अर्थ सुचला असं भासवावं. गुरुवारी सकाळपर्यंत ते हे सगळे मसुदे मनात लिहीत होते आणि मनातच खोडत होते. शेवटी त्यांनी फोन उचलला. बायको पोळ्या लाटत होती. त्यांनी दार लावून घेतलं नाही.

तीच मुलगी. तोच गोड आवाज. "सर, वात मिळाली का?"

"मिळाली. वातीचं राहू द्या. मी सुचवलेली दुरुस्ती मागे घ्यायची आहे. आधीचा पाठ बरोबर होता. छपाई थांबवा."

"हो सर. दुरुस्ती मागे घेण्याचा अर्ज आहे, फोनवरच भरून घेते. कारण सांगावं लागेल. एक, छपाईची चूक. दोन, अनुवादकाची चूक. तीन, इतर."

दोन्ही सोपी कारणं ताटात वाढून ठेवली होती. एकतीस वर्षं त्यांनी यातलंच एक उचललं होतं. स्वयंपाकघरात लाटणं थांबलं.

"तीन," ऱ्हस्वदीर्घ म्हणाले.

"इतरमध्ये काय लिहू, सर?"

"लिहा. तपासणाऱ्याची चूक."

"तपासणाऱ्याची..." ती टाइप करत होती. "सर, 'चूक'मधला 'चू' पहिला की दुसरा?"

"दीर्घ. दुसरा."

"आणि खाली सही म्हणून एक वाक्य लागतं, सर, पूर्ण वाक्य. 'माझे चुकले' असं लिहू का? इथे पण दीर्घ?"

"नाही," ते म्हणाले. "चूक दीर्घ असते. चुकलं म्हणताना ऱ्हस्व."

"असं का हो सर?"

"नियमच आहे," ऱ्हस्वदीर्घ म्हणाले. "माझं चुकलं. घ्या, लिहून घ्या."

मुलीने लिहून घेतलं, छपाई थांबवण्याचा क्रमांक दिला आणि आणखी काही मदत हवी का विचारलं. नको होती. त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, हाताला पीठ होतं. तिने हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले होते आणि ते तिला म्हटलेले नव्हते, एका अनोळखी मुलीला म्हटलेले होते.

"आणि तुलाही," ऱ्हस्वदीर्घ म्हणाले. "मीठ. गाडी. आणि ती वात. यादी मोठी आहे."

"यादी मी करून ठेवलीय," बायको म्हणाली. "जेवण झाल्यावर वाचू." पण तिने डोळ्याला हात लावला तो पिठाचाच, आणि मग दोघांना डोळा धुवावा लागला.

शनिवारी संध्याकाळी छापखान्यातले पाच जण आले. सेक्रेटरी आणि वायरमनलाही बोलावणं होतं. नव्या कपाचं खोकं सेक्रेटरींच्या हातात दिल्यावर त्यांनी वर यायचं कबूल केलं. टेबलावर सहा बाटल्या होत्या. छतावर एक गुलाबी डाग होता, त्याची गोष्ट वायरमनने बसल्याबसल्या सुरू केली. पण वातीपाशी आल्यावर ऱ्हस्वदीर्घांनी त्याला थांबवलं आणि पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. मधला आणि मधलीसकट, दाखल्यासकट. जुळारी इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग त्याने ग्लास उचलला, ओठाला लावला आणि घोट जिभेवर घोळवला. एकतीस वर्षांचा हिशेब चुकता करायची वेळ आली होती.

"साहेब, चूक काढू?"

"काढा."

"जिभेला अजून थोडं टोचतंय. वात राहिलाय आत."

सगळे ऱ्हस्वदीर्घांकडे बघू लागले. त्यांनी घोट घेतला. राहिला होता. आंबटही जरा जास्तच झाली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं. जुळाऱ्याने सवयीने मान खाली घातली. पण ऱ्हस्वदीर्घांनी ते ओलं होऊन वाळलेलं माहितीपत्रक पुढे ओढलं, पायरी नऊमधल्या स्वतःच्या हाताने खोडलेल्या 'मधला'खाली एकेक टिंब दिलं, मग 'टाकावा'खाली, आणि समासात आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'असू दे'.

बायकोने मान वाकडी करून ते वाचलं. "'असू'मधला 'सू' दीर्घ काढलात ना?"

"दीर्घ आहे."

"मग ओता मला," ती म्हणाली आणि ग्लास पुढे केला.